पाण्याची वेळ

सव्वासातला झोपते ती. सातपन्नासला उठते.
ना एकोणपन्नास, ना एक्कावन्न.
तेवढ्यात मी वरणाला फोडणी द्यायची, तेवढ्यात केस सोडवायचे,
तेवढ्यात हेरंब लिफ्टमधून उतरून
चपला हातात घेऊन घरात शिरायचा, चोरासारखा.
तरी सातपन्नास.

डॉक्टरबाई म्हणाल्या, ही भूक नाही, सवय आहे.
लगेच उचलू नका. जरा थांबून बघा.
मी थांबले. दाराच्या फटीतून बघत,
माझाच एक हात दुसऱ्या हातात घट्ट धरून.
ती आधी पंख्याशी बोलली.
मग मुठीशी.
मग माझ्याशी, आणि तिथे माझं थांबणं संपलं.

आता तो तास हेरंबचा.
तो तिला घेऊन वॉशिंग मशीनला टेकून उभा राहतो,
त्या घरघरीत तिला दिवसभराचे हिशेब सांगतो.
कपडे नसले तरी मशीन फिरतं.
लाइटबिल वाढलंय. त्याच बिलाच्या पाठीवर
मी रात्रीचं लिहून ठेवते:
अकरा वीस, डावीकडे. दीड, उजवीकडे.
पेन सापडलं नाही तर केसांचं रबर आहे,
पुढची पाळी ज्या बाजूची, त्या मनगटात.

तीन चाळीसचं लिहावं लागत नाही.

दादा महापालिकेत चावीवाले होते.
पार्कसाइटच्या चढावर, खांद्यावर छातीएवढी लोखंडी चावी,
रस्त्यातलं झाकण उचलून
तीन चाळीसला आमच्या गल्लीला पाणी सोडायचे.
बावीस फेरे. बोटांवर मोजून.
कमी पडला तर टेकडीवरच्यांचे हंडे कोरडे,
जास्त झाला तर उताराचे पाइप तडकायचे,
आणि दोन्हीकडच्या शिव्या सकाळी आमच्याच दारात.
बायका आधीच जाग्या असत,
नळाखाली कळशी लावून, भिंतीला पाठ लावून, उभ्या-उभ्या पेंगत.
नळ आधी नुसता श्वास सोडायचा.
खोकायचा. थोडा तांबडा गंज थुंकायचा.
मग आई पायाने मला हलवायची: आलं गं.

शाळेत मी सांगायचे, वडील पालिकेत आहेत.
काय करतात, ते कुणी विचारायच्या आत
डबा उघडायचे.

आज तीन चाळीसला तिने तोंड लावलं, सोडलं, चिडली,
पुन्हा लावलं. काही नाही.
मी म्हटलं, थांब बाई, आधी हवा येते.
मग खांद्यापासून मुंग्यांची एक रांग खाली उतरली
आणि तिचा घसा बोलायला लागला,
गट्, गट्, नाकातून एक धाप, पुन्हा गट्.

कन्नमवार नगरच्या या सोळाव्या मजल्यावर
पाणी चोवीस तास आहे. कुणालाही ऐकू येत नाही.
पण खिडकीतून, हायवेच्या पलीकडे, तो डोंगर दिसतो,
आणि त्याच्या पायथ्याशी एक दिवा लागतो,
मग वरचा, मग त्याच्या शेजारचे तीन,
उजेड चढत जातो गल्लीगल्लीने.
कुणीतरी चावी फिरवतंय.

फोन थरथरतो. गावाहून दादा: पिली का?
रिटायर होऊन नऊ वर्षं झाली त्यांना.
आई म्हणते, अजून याच वेळेला उठून अंगणात जातात,
उगाच उभे राहतात, परत येऊन झोपतात.
डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या,
सवय जाईल हळूहळू. सगळ्यांचीच जाते.

एका अंगठ्याने लिहिते: पितेय.
मग, का कोण जाणे, घोट मोजायला लागते.
अठरा. एकोणीस. तिचा कान गरम, माझ्या कोपरात.
बाविसाव्याला ती थांबत नाही.

नंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढते, बराच वेळ लागतो.
रबर दुसऱ्या हातात घालते.